हौशी कुंभाराची वही

हौस आणि धंदा यांत फार मोठे अंतर मानण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. पोटासाठी मडकी घडवणारा तो कुंभार आणि हौसेने घडवणारा तो कलावंत, अशी वाटणी आपण सहज करून टाकतो. पहिल्याशी भावाची घासाघीस करतो आणि दुसऱ्याच्या प्रदर्शनाला जाऊन माना डोलावतो. बडोदे, सुरत, पुणे, मुंबई अशा शहरांतून अलीकडे मातीकामाची हौस असलेली पुष्कळ मंडळी भेटू लागली आहेत. कुणी गच्चीवर चाक बसवले आहे, कुणी विजेची छोटी भट्टी आणली आहे. ही हौस चांगलीच आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु या हौसेकडून समाजाने काही मागावे की नाही, हा प्रश्न मला काही दिवसांपासून पडला आहे, आणि मागावे असे माझे मत आहे.

हौशी माणसाजवळ असे एक धन असते की जे धंदेवाईक कुंभाराजवळ नसते. ते म्हणजे चुकण्याची मुभा. गावचा कुंभार आवा रचतो तेव्हा त्यात त्याची कित्येक दिवसांची मेहनत असते. माती खणणे, भिजवणे, तुडवणे, चाकावर चढवणे, थापीने ठोकून आकार देणे, सावलीत वाळवणे, इतके सोपस्कार झाल्यावर गवऱ्या, पेंढा आणि लाकूड यांच्या थरांत तो माल ठेवतो. एक आवा बिघडला तर त्या घरची उधारी वाढते. अशा माणसाने ‘यंदा माती थोडी बदलून पाहू’ असे म्हणावे तरी कसे? हौशी माणसाची भट्टी बिघडली तर त्याचा एक रविवार वाया जातो आणि थोडा खर्च होतो, एवढेच. प्रयोग करण्याची सवड ज्याला आहे त्याने तो केला पाहिजे, आणि केलेला लिहून ठेवला पाहिजे, हे ओघानेच आले.

सुरतेस माझ्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. रंगाच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ म्हणून त्यांची नोकरी झाली, आणि निवृत्तीनंतर ते मातीच्या नादाला लागले. त्यांनी घडवलेली भांडी चांगली आहेत; परंतु त्याहून मोलाची वाटली ती त्यांची वही. प्रत्येक भट्टीची तारीख, प्रत्येक झिलईचे वजनी प्रमाण, किती तासांत किती ताप चढला आणि दार उघडल्यावर काय दिसले, हे त्यात मराठीत, मधूनमधून गुजराती शब्द घेऊन, नेटक्या अक्षरांत लिहिलेले आहे. फसलेल्या नोंदी यशस्वी नोंदींहून किती तरी अधिक आहेत.

एक उदाहरण देतो. उंच तापाच्या, म्हणजे सुमारे १२८० अंश सेल्सियसच्या, झिलईचे एक सूत्र जगभरच्या कुंभारांना ठाऊक आहे: फेल्डस्पार ४० भाग, गारगोटीचे पीठ ३०, खडूची पूड २० आणि पांढरी चिनी माती १०. यातील गारगोटी काचेचा अंश देते, फेल्डस्पार आणि खडू तिला वितळवतात, आणि माती ते सारे भांड्याला धरून ठेवते. आमच्या या स्नेह्यांच्या मनात आले की, सुरतेच्या आसपास बारडोलीसारखे मोठे साखर कारखाने आहेत, तेथे उसाच्या चिपाडांची राख पडते, आणि त्या राखेत काचेचा अंशच मुख्य असतो. तेव्हा गारगोटीच्या जागी ती का वापरू नये? पहिल्या खेपेस त्यांनी नुसती राखच लावून पाहिली. ती वितळली नाही. वाळूसारखी कोरडी राहिली. लाकडाच्या राखेत चुन्याचा अंश बराच असल्याने ती उंच तापाला आपली आपण वितळते, चिपाडाची वितळत नाही, हा धडा मिळाला. मग वरच्या सूत्रात गारगोटीऐवजी तीच राख ३० भाग घातली, आणि किंचित हिरवट झाक असलेली शांत, राखी झिलई हाती आली.

दुसरा प्रयोग तापीकाठच्या काळ्या मातीचा. आपले दख्खनचे काळे पाषाण झिजून जी माती होते तीत लोह भरपूर असते, आणि ती माती उंच तापाला स्वतःच वितळून तपकिरी काच बनते. परंतु ही माती वाळताना फार आकसते, हे शेताला पडणाऱ्या भेगा पाहिलेल्या कोणासही सांगायला नको. तशीच ती भांड्यावरही आकसली आणि खपल्या होऊन गळून पडली. उपाय साधाच निघाला: निम्मी माती आधी साधारण ७०० अंशांवर भाजून घ्यायची, म्हणजे तिची आकसण्याची ताकद जाते, आणि मग ती उरलेल्या कच्च्या मातीत मिसळायची. हे ज्ञान जगाला नवे नाही, हे मीही जाणतो. पण ते तापीच्या मातीला लावून पाहिलेले आहे, हे त्याचे मोल.

भाजणीचे ज्ञान तर त्या मुलखाच्या अंगवळणी पडलेले आहे. उंधियो हा पदार्थ मूळचा मडके उलथे घालून, वरून विस्तव रचून शिजवण्याचा. त्याचे नावच उंधे, म्हणजे उलटे, यावरून पडले. राजपीपळ्याकडील रतनपूरचे अकीक खंबायतेस नेऊन मातीच्या भांड्यांत घालून मंद आचेवर भाजतात, आणि त्यातील लोह तापून दगड तांबडा होतो. आपले लाल मडकेही नेमके याच कारणाने लाल असते. कुंभार शेवटी आव्याची हवा कोंडून धूर आत घुमवतो, तेव्हा तेच लोह काळे पडते आणि काजळीही मुरते. तांब्याची झिलई मोकळ्या हवेत हिरवी आणि कोंडलेल्या धुरात लाल होते, त्यामागचा न्यायही हाच.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ही वही त्या गृहस्थांच्या कपाटात आहे. उद्या तिचे काय होईल, हे सांगता येत नाही. अशा वह्यांचे पुष्कळदा जे होते ते आपण सारे जाणतो. रद्दीवाल्याच्या तराजूला चिपाडाची राख आणि चित्रपटाची जाहिरात सारखीच.

ही स्थिती पाहून मला सुरतेच्याच एका सुपुत्राची आठवण होते. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर १८६३ साली सुरतेस जन्मले. रसायनशास्त्राचे हे विद्वान बडोद्यास प्राध्यापक म्हणून आले आणि सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० साली येथे कलाभवन उभे राहिले. रंगाची कृती ही त्या काळी घराण्याची गुप्त ठेव असे. गज्जरांनी ‘रंगरहस्य’ नावाचे नियतकालिक काढले, आणि नावात रहस्य असले तरी उद्देश ते उघडे करण्याचाच होता. कारागिराला त्याच्या भाषेत शास्त्र सांगितले पाहिजे, हा त्यांचा आग्रह. १९२० साली ते वारले. पण तो आग्रह शिळा झाला आहे, असे कोण म्हणेल?

मातीकामातही हा मार्ग कोणी चोखाळला नाही असे नाही. निर्मला पटवर्धन यांनी आपल्या अभ्यासाचे सार कुंभारांसाठी लिहिलेल्या इंग्रजी हस्तपुस्तकात खुले केले. बडोद्यास ज्योत्स्ना भट्ट यांनी १९७२ ते २००२ अशी तीस वर्षे विद्यापीठाच्या ललितकला विभागात शिकवून किती तरी हात तयार केले. २०२० साली त्या निवर्तल्या. सुरत जिल्ह्यातील वालोड येथे १९३४ साली जन्मलेल्या हकू शाहांनी आदिवासींच्या नवसाच्या मृण्मूर्तींचा अभ्यास १९८५ च्या ग्रंथात मांडला आणि तो घडवणाऱ्या कुंभाराकडेही आपले लक्ष वळवले. (वालोड आता तापी जिल्ह्यात गेले आहे.) मात्र इंग्रजी ग्रंथ आणि विद्यापीठाचा वर्ग चाकावर बसलेल्या माणसापर्यंत सहसा पोचत नाही.

यावर एक आक्षेप येईल. झिलईचे सूत्र ही कलावंताची मिळकत आहे, ती त्याने का वाटावी? मला वाटते, सूत्र वाटल्याने हात वाटला जात नाही. एकच झिलई दहा जणांनी लावली तर दहा निराळी भांडी होतात. आणि काही गोष्टी तर लपवून ठेवणे हा सरळ अपराधच ठरेल. शेंदूर आणि मुरदाडशिंग ही शिशाची द्रव्ये. ती कमी तापाला झटकन वितळतात व सुरेख चकाकी देतात, म्हणून जुन्या झिलईत ती सर्रास वापरत. लोणचे, चिंच, आमसूल यांचा आंबटपणा असल्या झिलईतील शिसे बाहेर ओढतो, आणि हिरव्या रंगासाठी तांबे घातले असेल तर ते अधिकच सुटते. भांडे कितीही सुंदर असो, त्यात शिसे आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही. ते प्रयोगशाळेतच तपासावे लागते. खाण्यापिण्याची भांडी विकणाऱ्या हौशी मंडळींनी झिलईत काय आहे हे गिऱ्हाइकाला सांगितलेच पाहिजे, आणि स्वतःला ठाऊक नसेल तर ते भांडे फुलांसाठी ठेवावे.

आणखी एक आक्षेप असा की, हौस हा विरंगुळा आहे, तिच्यावर कर्तव्याचे ओझे कशाला? ज्याला नुसती मजाच करायची आहे त्याने खुशाल करावी. परंतु जो वजनकाटा घेऊन बसला आहे, ५७३ अंशांपाशी गारगोटीचे अंग बदलते म्हणून भट्टी सावकाश निववतो आहे, त्याने विरंगुळ्याची सीमा केव्हाच ओलांडली आहे. त्याला आणखी दोन ओळी लिहिणे जड जाणार नाही.

तेव्हा माझी सूचना अशी. सुरतेत मराठी वस्ती मोठी आहे, बडोद्याची तर गोष्टच वेगळी. या दोन शहरांतील मंडळांनी आणि वाचनालयांनी हौशी कुंभारांच्या वह्या नकलून घ्याव्यात, फसलेल्या नोंदींसकट, आणि मराठीत व गुजरातीत छापाव्यात. पुस्तक देखणे नसले तरी चालेल. ते स्वस्त असावे आणि हात मातीचे असताना उघडे ठेवता यावे. दुसरे, सुरतेसारख्या धनाढ्य शहराने एक सार्वजनिक भट्टी बांधावी. नळाचा गॅस घरोघर आहे, मग हे अवघड नाही. महिन्यातील काही दिवस ती जिल्ह्यातील कुंभारांना विनामूल्य मिळावी, आणि त्या दिवसांत बिघडलेल्या मालाची भरपाई भट्टीच्या निधीतून व्हावी. चुकण्याची जी मुभा हौशी माणसाला आपसूक मिळाली आहे, ती कुंभारालाही मिळेल. हौशी मंडळींनी त्या दिवशी वही घेऊन तेथे जावे. सांगण्यासारखे त्यांच्याजवळ थोडे आहे, आणि कुंभाराकडून शिकण्यासारखे पुष्कळ.