थकवा म्हणजे आळस नव्हे

मँचेस्टरमध्ये सकाळी कोणी भेटलं की विचारतं, "ऑल राइट?" तुम्हीही म्हणता, "ऑल राइट!" संध्याकाळी घरून आईचा फोन येतो. ती विचारते, "काय, कसं चाललंय?" तुम्ही म्हणता, "चाललंय." भाषा दोन, उत्तर एकच. आणि दोन्ही वेळा खरी गोष्ट सांगायची राहून जाते: तुम्ही फार थकला आहात.

कामाचा थकवा सगळ्यांनाच येतो. रात्री झोपलं की तो जातो. इथे बोलायचं आहे ते दुसऱ्या थकव्याबद्दल. तो आठ तास झोपूनही जात नाही. मध्ये दोन आठवडे बरे जातात, वाटतं सुटलो एकदाचे! मग एखाद्या मंगळवारी ट्रॅममधून उतरताना पाय जड होतात. कार्यालयात एकच ओळ तीनदा वाचूनही कळत नाही. अशा वेळी मनात प्रश्न येतात: रजा तरी किती घ्यायची? कोणाला सांगायचं? आणि सांगितलं तर नोकरी राहील का?

माझं मत असं आहे: हा थकवा लपवू नका. लवकर सांगा, नेमकं सांगा आणि लेखी सांगा.

आपण तो लपवतो, त्याला कारणं आहेत. आळशी, कामचुकार, अंगचोर हे शब्द आपण लहानपणापासून ऐकलेले असतात. ते आपल्याला चिकटू नयेत म्हणून आपण धडपडतो. शिवाय परदेशात अनेकांचा व्हिसा नोकरीशी बांधलेला असतो. त्यांची भीती खोटी नाही. म्हणून वाईट दिवशी "पोट बिघडलंय" असं सांगून रजा घेतली जाते, आणि चांगल्या दिवशी भरपाई म्हणून दुप्पट काम केलं जातं. पण साहेबांना यातून काय दिसतं? कधी उत्तम काम करणारा, कधी चुका करणारा, कधी अचानक गायब होणारा माणूस. लपवल्यामुळे आजार दिसत नाही, चुका मात्र दिसतात.

तेव्हा सुरुवात डॉक्टरांपासून करा. थकवा हे बहुतेक वेळा लक्षण असतं. रक्तात लोह कमी असेल, थायरॉइड बिघडलं असेल, साखर वाढली असेल, तरी थकवा येतो. झोपेत श्वास अडकत असेल किंवा मन खचलं असेल, तरीही येतो. शाकाहारी लोकांनी बी-12 विसरू नये. मँचेस्टरचा हिवाळा तर तुम्हाला माहीतच आहे. ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत ब्रिटनमधल्या उन्हातून पुरेसं ड जीवनसत्त्व मिळत नाही. म्हणून या काळात रोज 10 मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घेण्याचा विचार करावा, असं एनएचएस सांगते. दक्षिण आशियाई वंशाच्या, सावळ्या लोकांनी तर वर्षभर. डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांची छोटी नोंद न्या: कधी झोपलो, काय काम केलं, थकवा केव्हा आला. "बरं वाटत नाही" या तीन शब्दांपेक्षा ती नोंद जास्त बोलते.

काही जणांचे रिपोर्ट मात्र नॉर्मल येतात. तरी थकवा खरा असतो. क्रॉनिक फटीग सिंड्रोम किंवा लाँग कोविड असलेल्या अनेकांना श्रमांचा त्रास लगेच होत नाही, एकदोन दिवसांनी होतो. शनिवारी घर आवरलं, त्याची वसुली सोमवारी होते. अशांना पूर्वी "दर आठवड्याला व्यायाम थोडा थोडा वाढवा" असं सांगितलं जाई. ऑक्टोबर 2021 मध्ये इंग्लंडमधल्या नाइस या संस्थेने क्रॉनिक फटीग सिंड्रोमसाठी नवी मार्गदर्शक तत्त्वं दिली. ठरावीक पायऱ्यांनी श्रम वाढवत नेण्याचा कार्यक्रम या रुग्णांना देऊ नये, असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे. शक्ती बेताने वापरा, असा त्यांचा भर आहे. आपल्याकडची म्हण तेच सांगते: अंथरूण पाहून पाय पसरावे. पूर्ण दमल्यावर आडवं होण्यापेक्षा, दमण्याआधी पंधरा मिनिटं डोळे मिटून बसणं जास्त उपयोगी पडतं. आणि बरा दिवस आला की राहिलेली सगळी कामं उरकायला घेऊ नका. तिथेच अनेकांचा घात होतो.

आता नोकरीकडे वळू. इथला कायदा तुमच्या बाजूने थोडातरी उभा आहे, हे माहीत असू द्या. 2010 च्या समानता कायद्यानुसार, एखाद्या आजाराचा रोजच्या कामांवर मोठा परिणाम होत असेल आणि तो 12 महिने टिकला असेल किंवा टिकण्याची शक्यता असेल, तर त्याला संरक्षण मिळू शकतं. त्रास मध्ये थांबला, पण पुन्हा होण्याची शक्यता असली, तरी तो चालूच आहे असं कायदा धरतो. येणाऱ्या-जाणाऱ्या थकव्यासाठी हे कलम फार मोलाचं आहे. अशा वेळी मालकाला कामात वाजवी बदल करावे लागतात. शिवाय एप्रिल 2024 पासून, नोकरीच्या पहिल्या दिवसापासूनच कामाची वेळ किंवा जागा बदलून मागता येते. मागणी मान्य होईलच असं नाही, पण मालकाला तिचा विचार करावाच लागतो.

मागायचं कसं? "मला फार थकवा येतो हो" एवढंच म्हटलं तर समोरचा हळहळेल आणि विसरेल. त्याऐवजी असं लिहा: "दुपारी तीननंतर माझं लक्ष टिकत नाही. महत्त्वाच्या बैठका सकाळी ठेवता येतील का? आठवड्यातून दोन दिवस घरून काम केलं तर प्रवासाची शक्ती कामाला लावता येईल. तीन महिने करून पाहू." यात रडगाणं नाही, काम नीट होण्याचा रस्ता आहे. आणि हे सगळ्या कार्यालयाला सांगायची गरज नाही. साहेबांना सांगा, एचआरला सांगा, झालं.

कोणी म्हणेल, "घरून काम ही संगणकवाल्यांची चैन आहे. हॉस्पिटलच्या वॉर्डात किंवा गोदामात उभं राहणाऱ्याने काय करायचं?" प्रश्न रास्त आहे. तिथे बदल वेगळे असतील: लागोपाठ रात्रपाळ्या नकोत, बसायला खुर्ची हवी, सुट्ट्या विभागून मिळाव्यात. दुसरं कोणी म्हणेल, "सगळेच थकतात, त्यात काय मोठं?" सगळे थकतात, हे खरं. पण सगळ्यांचा थकवा झोपेने जातो. ज्याचा जात नाही, त्याला तुम्ही अंगचोर म्हणू नका. तो अंग चोरत नाही, थकवाच त्याचं अंग चोरतो.

विश्रांती मागणं आपल्या संस्कारांत बसत नाही, असंही काहींना वाटतं. इतिहास वेगळं सांगतो. मुंबई आणि मँचेस्टर, दोन्ही शहरं कापसावर वाढली. मुंबईच्या गिरणी कामगारांना पूर्वी आठवड्याची सुट्टी नव्हती. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांना एकत्र केलं, सभा घेतल्या, अर्ज केले. अखेर 10 जून 1890 रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. इकडे ब्रिटनच्या कामगार संघटनांची पहिली ट्रेड्स युनियन काँग्रेस 1868 मध्ये मँचेस्टरमध्येच भरली होती. ती माणसं आळशी नव्हती. तुम्ही आज जो रविवार सहज उपभोगता, तो कोणीतरी तोंड उघडून मागितला म्हणून मिळाला आहे.

तेव्हा पुढच्या वेळी आईने "कसं चाललंय?" असं विचारलं, तर खरं सांगून पाहा: "आई, हल्ली फार थकायला होतं गं." ती काळजी करेल, दोन उपाय सुचवेल, डिंकाचे लाडू पाठवते म्हणेल. पण तुम्ही एकदा मोठ्याने म्हटलेलं असेल. मग तेच साहेबांना सांगणं थोडं सोपं जाईल.

विचार करा आणि लिहा

1. "लपवल्यामुळे आजार दिसत नाही, चुका मात्र दिसतात." या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
2. "अंथरूण पाहून पाय पसरावे" ही म्हण लेखकाने कशासाठी वापरली आहे?
3. तुम्हाला लेखकाचं मत पटतं का? न पटल्यास, साहेबांना न सांगण्याची दोन कारणं लिहा.