साथीच्या दिवसांत किडनीच्या दुखण्याचं पथ्यपाणी



यवतमाळकडच्या एका भगिनीचं चार पानी पत्र आलं आहे. नाव छापू नका म्हणतात, म्हणून छापत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांच्या यजमानांची पित्ताच्या खड्यांसाठी सोनोग्राफी केली, तर उजव्या किडनीवर तीन सेंटिमीटरची गाठ निघाली. कॅन्सरचीच असावी, असं सी.टी. स्कॅनवरून डॉक्टरांनी सांगितलं. एप्रिलमध्ये ऑपरेशन ठरलं, आणि २५ मार्चपासून सगळा देशच बंद! डॉक्टर फोनवर म्हणाले, ‘‘थांबू या. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू.’’ ऑपरेशन झालं दिवाळीनंतर. गाठीपुरता भाग काढला, किडनी वाचली, यजमान आज हिंडतेफिरते आहेत. पण सासूबाई अजून चारचौघांत म्हणतात, ‘‘हिनंच भिऊन पुढं ढकललं.’’ बाई विचारतात, खरंच माझं चुकलं का?

नाही हो, बाई. चार सेंटिमीटरपेक्षा लहान आणि किडनीपुरतीच असलेली गाठ बहुतेक वेळा फार हळू वाढते, वर्षाला काही मिलिमीटर. म्हणून त्या साली देशोदेशींच्या सर्जन मंडळींनी अशी ऑपरेशनं काही महिने मागं ठेवली आणि मोठ्या गाठी, रक्त जाणाऱ्या किंवा मोठ्या शिरेत शिरलेल्या, त्या आधी हातात घेतल्या. फार वयस्कर माणसाची छोटी गाठ नुसती तपासत राहायची, ही रीत साथ नसतानाही आहेच. तेव्हा थांबण्याचा निर्णय डॉक्टरांचा होता आणि विचार करून घेतलेला होता. पुढच्या तपासणीला सासूबाईंना बरोबर न्या आणि त्यांच्यादेखत डॉक्टरांना हेच विचारा. सुनेनं सांगितलेलं पटत नाही ते डॉक्टरांनी सांगितलं की पटतं, हे काय मी तुम्हाला सांगायला हवं?

मात्र डॉक्टरांनी थांबवणं वेगळं आणि आपण अंगावर काढणं वेगळं. त्या काळात दवाखान्याच्या भीतीनं कितीतरी जण घरी बसून राहिले. लघवीतून रक्त गेलं, दुखलं काहीच नाही, दुसऱ्या दिवशी थांबलं. मग ‘उष्णता असेल’ म्हणून धने-जिऱ्याचं पाणी सुरू! न दुखता जाणारं रक्त जास्त काळजीचं असतं बरं का. एकदाच गेलं तरी दाखवायचं, साथ असो की नसो. परळचं टाटा हॉस्पिटल त्या दिवसांतही चालू होतं. आणि पुरुष मंडळी ही गोष्ट लपवतात, तेव्हा आडून आडून न विचारता सरळ विचारा.

आता ज्यांच्या घरी दुखणं किडनीबाहेर पसरलेलं आहे आणि सुनिटिनिब किंवा पॅझोपॅनिबसारख्या गोळ्या चालू आहेत, त्यांच्यासाठी. रस्ते बंद झाले तेव्हा गोळ्या पुरवायच्या म्हणून एकाआड एक दिवस देणाऱ्या बायका होत्या. असं करू नका. आठवड्याच्या गोळ्या उरल्या की डॉक्टरांना फोन करायचा. २५ मार्च २०२० रोजी सरकारनं फोनवरून सल्ला देण्याचे नियम काढले, ते आजही उपयोगाचे आहेत. पण फोनवर डॉक्टरांना माणूस दिसत नाही, म्हणून तुमच्या हाताशी वही हवी. घरी रक्तदाब मोजायचं यंत्र घ्या, कारण या गोळ्यांनी रक्तदाब चढतो. वजन, जुलाब, तोंडातले फोड, सगळं तारखेनिशी लिहा. पॅझोपॅनिब रिकाम्या पोटी द्यायची, खाण्याआधी एक तास किंवा नंतर दोन तासांनी. सकाळच्या पोह्यांबरोबर उरकू नका. तळहात-तळपाय लाल होऊन सोलतात. तिथं कढत पाणी आणि वजरी नको, मऊ सैल चपला द्या, साधं मलम लावा. सुनिटिनिबनं कातडी पिवळी दिसू शकते, केसही पांढरे होतात. घाबरू नका, पण डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी कळवा. माणूस नुसता झोपून राहू लागला तर आळशी म्हणू नका, थायरॉईड तपासून घ्या.

ताप आला तर? घरातली उरलीसुरली अंगदुखीची गोळी देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही औषधं किडनीला जड, आणि ज्यांची एकच किडनी राहिली आहे त्यांना तर फारच. ज्यांना शिरेतून इम्युनोथेरपी चालू आहे त्यांचा कोरडा खोकला साथीचाही असू शकतो आणि त्या औषधानं फुफ्फुसाला आलेल्या सुजेचाही. दोन्ही सारखेच दिसतात. घरी तर्क करत बसू नका.

काढ्यांचं तर विचारूच नका! त्या वर्षी घरोघरी पातेली चढली होती. तुळस-सुंठीच्या कपभर चहाला माझी ना नाही. पण गुळवेलीचा रस रोज पिऊन यकृत बिघडलेले काही रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले. आयुष मंत्रालयाला ते मान्य नव्हतं, वाद झाला. मी त्या वादात पडत नाही. पॅझोपॅनिब स्वतःच यकृतावर ताण आणते, त्यावर आणखी धोका कशाला? ज्येष्ठमध रोज घेतला तर रक्तदाब वाढतो. ग्रेपफ्रूट वर्ज्य, आणि त्याचंच भावंडं म्हणून पपनसही टाळा.

पत्रात शेवटी बाईंनी विचारलंय, समाचाराला येणाऱ्यांना नको कसं म्हणायचं? २०२० साली पोलिसच अडवत होते, आता ते काम आपलं. शिंकणारा, खोकणारा पाहुणा ओट्यावरच थांबवा, चहा तिथंच द्या आणि ‘‘डॉक्टरांनी सांगितलंय’’ म्हणा. रुसला तर रुसू द्या. चार दिवसांनी पेशंटशी फोनवर बोलणं करून द्या.