टोपी क्रमांक ६९६

मंडळी, बोथम-गॉवर सगळ्यांनाच ठाऊक असतात. आज आम्ही सांगणार आहोत ॲलन जोन्सबद्दल. वेल्समधल्या ग्लॅमॉर्गन कौंटीचा हा डावखुरा सलामीवीर. १९५७ ते १९८३ पर्यंत हा गडी त्याच एका कौंटीला चिकटून राहिला. प्रथम श्रेणीत ३६,०४९ धावा, ५६ शतकं आणि सलग २३ मोसमांत हजारावर धावा! अधिकृत कसोटी न खेळलेल्या दुसऱ्या कुणाच्याही नावावर इतक्या धावा नाहीत.

बरं, इंग्लंडतर्फे खेळलाच नाही म्हणावं, तर तसंही नाही. १९७० साली वर्णभेदाच्या प्रश्नावरून दक्षिण आफ्रिकेचा इंग्लंड दौरा रद्द झाला. त्याऐवजी सोबर्सचा शेष विश्व संघ खेळला. लॉर्ड्सवर जोन्स सलामीला उतरला आणि ५ व ० वर परतला. दोन्ही वेळा बळी प्रॉक्टरचा आणि यष्टींमागे आपला मुंबईकर फरोख इंजिनियर! पुढे त्या सामन्यांचा कसोटी दर्जाच काढून घेतला गेला. जोन्सला तेवढी एकच संधी मिळाली होती, तीही नोंदवहीतून पुसली गेली.

अखेर २०२० साली, म्हणजे तब्बल पन्नास वर्षांनी, इंग्लंडच्या बोर्डाने त्याला ६९६ क्रमांकाची टोपी दिली. सामना मात्र अनधिकृत तो अनधिकृतच. आम्हा इंजिनियर मंडळींना हिशेब चोख लागतो. हा काही जुळत नाही, पण वाचून बरं वाटलं. टोपीला उशीर झाला खरा. छत्तीस हजार धावा मात्र कुणाला पुसता आल्या नाहीत.