पस्तिशीत डॉक्टर व्हायचंय? वय राहू द्या, आधी हिशेब मांडा

ओपीडी संपत आली की कधीकधी एखादा पेशंट औषधांची चिठ्ठी घडी करून खिशात ठेवतो, पण खुर्चीतून उठत नाही. "डॉक्टर, एक वेगळंच विचारायचं होतं..." वय साधारण तीस ते चाळीस. आयटीत, बँकेत नाहीतर शाळेत नोकरी. बऱ्याचदा घरात कुणाचं तरी मोठं आजारपण नुकतंच होऊन गेलेलं असतं. "आता या वयात एमबीबीएस करता येईल का?"

हाच प्रश्न तुमच्याही मनात घोळत असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

नियम काय म्हणतो?

नियमाने करता येतं. २०१७ साली नीटसाठी खुल्या प्रवर्गाला २५ आणि राखीव प्रवर्गांना ३० वर्षांची कमाल वयोमर्यादा घातली गेली होती. प्रकरण कोर्टात गेलं आणि मार्च २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ही अट काढून टाकल्याचं कळवलं. आता फक्त किमान वय आहे : प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ पूर्ण. २०२० मध्ये ओडिशात बँकेतून निवृत्त झालेल्या ६४ वर्षांच्या एका गृहस्थांनी नीट पास होऊन सरकारी मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला होता.

बारावीला बायॉलॉजी घेतलं नव्हतं? नोव्हेंबर २०२३ च्या सूचनेनुसार हा विषय मान्यताप्राप्त बोर्डातून नंतर, अतिरिक्त विषय म्हणून पास केला तरी नीटला बसता येतं.

डोकं चालेल का?

नवी माहिती झटपट टिपण्याचा वेग विशीनंतर हळूहळू कमी होतो, हे खरं आहे. पण शब्दसंपदा आणि अनुभवातून साठलेलं ज्ञान पुढे बरीच वर्षं वाढत राहतं. नीटच्या ७२० पैकी ३६० गुण बायॉलॉजीचे असतात. रोज थोडं वाचून पुन्हापुन्हा उजळणी करणारा मोठा माणूस तिथे मागे पडत नाही. कस लागतो फिजिक्सला. १८० प्रश्न, १८० मिनिटं, चुकलं की एक गुण वजा आणि स्पर्धेला वीस लाखांहून जास्त मुलं. तिथे वेग लागतो आणि वेग सरावानेच येतो.

म्हणजे कायदा आडवा येत नाही, मेंदूही फारसा येत नाही. मग अडतं कुठे?

आमच्या बॅचचे 'काका'

माझ्या बॅचला एकतिशीचे एक विद्यार्थी होते. आधी काही वर्षं औषधाच्या दुकानात काम केलेले. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. कौतुकाने नाही, टिंगलीने. त्यात मीही होतो. ॲनाटॉमीत ते पहिल्या वर्षी नापास झाले, तेव्हा "काका, आता निवृत्तीच घ्या" हे वाक्य माझंच होतं.

पुढे इंटर्नशिपमध्ये एका रात्री वॉर्डात एक तरुण बाई दगावली. बाहेर तिचे वडील बसले होते. "नातेवाइकांना कोण सांगतंय?" असं सिनियरने विचारल्यावर आम्ही एकमेकांची तोंडं बघू लागलो. काका उठले. त्या वडिलांना बाजूला घेऊन बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं. मग अर्धा तास नुसते शेजारी बसून राहिले. हे शिकवणारा तास आम्हाला कधी झालाच नव्हता. त्या रात्रीनंतर मी त्यांची टिंगल केली नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे : जग पाहून आलेली माणसं आमच्या व्यवसायाला हवी आहेत आणि पेशंटला तर त्याहून हवी आहेत.

पण गोष्ट इथेच थांबवली, तर ती व्हॉट्सॲपवरची प्रेरणादायी गोष्ट होईल. काकांच्या शिक्षणाची सगळी वर्षं त्यांच्या पत्नीने शिलाईकाम करून घर चालवलं. मुलीला वडील भेटायचे ते गणपतीत आणि दिवाळीत. काका डॉक्टर झाले त्या दिवशी आम्ही वहिनींचं अभिनंदन केलं. त्या म्हणाल्या, "आता मला चार दिवस झोपू द्या."

अडतं ते इथे. जाणारी वर्षं एकट्या तुमची नसतात.

हिशेब असा मांडा

समजा, आज तुम्ही ३३ वर्षांचे आहात. तयारीत दोन वर्षं गेली, तर प्रवेश पस्तिशीत. साडेचार वर्षं अभ्यासक्रम आणि एक वर्ष इंटर्नशिप. सरकारी कॉलेज असेल तर महाराष्ट्रात वर्षभराची बंधपत्रित सेवा. झाले एकेचाळीस. पुढे प्रवेश परीक्षा देऊन तीन वर्षांचं एमडी किंवा एमएस केलंत, तर पंचेचाळीस. पहिल्या वर्षाच्या परीक्षेला चारच संधी असतात आणि नऊ वर्षांत पदवी पूर्ण करावीच लागते.

"ती वर्षं तशीही जाणारच आहेत" हे वाक्य तुम्हाला बरेच जण ऐकवतील. ते अर्धंच खरं आहे. वर्षं जातातच, पण एरवी त्या वर्षांत पगार येतो, पीएफ साठतो, गृहकर्ज फिटतं. हा पैसाही फीइतकाच खर्चाच्या बाजूला लिहा.

शरीराचाही हिशेब असतो. चाळिशीतलं जागरण एका झोपेत भरून निघत नाही. बीपी, शुगर आधी तपासून घ्या. स्त्रियांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. पस्तिशीनंतर गर्भधारणेची शक्यता झपाट्याने घटत जाते. मूल हवं असेल तर तो निर्णय 'पदवीनंतर बघू' म्हणून ढकलू नका.

अल्बर्ट श्वाइट्झर यांचं उदाहरण बरेच जण देतात. धर्मशास्त्राचे अभ्यासक आणि नावाजलेले ऑर्गनवादक असताना १९०५ साली, तिशीत, ते वैद्यकीय शिक्षणाकडे वळले आणि १९१३ मध्ये आफ्रिकेत लांबारेनेला पोहोचले. पण त्यांच्या पत्नी हेलेन यांनीही परिचारिकेचं शिक्षण घेतलं होतं आणि त्याही सोबत गेल्या, हे सहसा सांगितलं जात नाही. तो निर्णय दोघांचा होता.

राजीनामा देण्याआधी

तीन गोष्टी करा. एक, नीटची जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा. दोन, तीन महिने दर रविवारी एखाद्या धर्मादाय रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून जा. तिथला वास, रडारड, कंटाळा हे सगळं पाहून सोमवारी पुन्हा जावंसं वाटतंय का, ते बघा. तीन, घरच्यांना समोर बसवून वरचा हिशेब कागदावर मांडा आणि त्यांना मोकळेपणाने 'नाही' म्हणू द्या.

या तिन्हींनंतरही ओढ टिकली, तर जरूर या. आणि आपल्याला पदवीपेक्षा पेशंटजवळचं काम हवंय असं लक्षात आलं, तर नर्सिंग, फिजिओथेरपी, सार्वजनिक आरोग्य, वैद्यकीय समाजकार्य हे रस्तेही पेशंटपर्यंतच जातात. बाबा आमटे वकील होते. कोलकात्याला कुष्ठरोगाचा अभ्यासक्रम करून ते कामाला लागले. त्यांच्याकडे एमबीबीएस नव्हती.

कॉलेजात आलातच, तर पोरं तुम्हाला काका किंवा मावशी म्हणतील. म्हणू द्या. फक्त घरी आठवड्यातून एक संध्याकाळ राखून ठेवा, परीक्षा असली तरी.