रानांतील कामांची तत्काळ नोंद

शेतकऱ्यास काम आठवतें तें बहुधा हात गुंतलेले असतां. दारें धरतांना ध्यानांत येतें कीं पंपाचा फूटवॉल्व्ह गळतो आहे. फवारतांना दिसतें कीं औषध संपत आलें. घरीं पोंचेपर्यंत दोन्ही गोष्टी मनांतून जातात व आठवतात त्या पुन्हां त्याच बांधावर. हल्लीं खिशांत मोबाईल असतो आणि कामांची यादी ठेवणारीं ॲपें फुकट मिळतात. तरीहि उत्साहानें सुरू केलेली यादी चार दिवसांत बंद पडते, हें अनेकांचे बाबतींत घडतें.

यास आळस कारण सांगतात. आम्हांस तें पटत नाहीं. दोष नोंदीच्या रीतींत आहे. काम लिहावयास घ्यावें तों तारीख, वर्ग, महत्त्व, स्मरणाची वेळ असे रकाने पुढें येतात, आणि ते सर्व भरल्याशिवाय नोंद पुरी नाहीं असें आपण समजतों. चिखलानें भरलेल्या हातांनीं एवढा व्याप कोण करील? डेव्हिड ॲलन या अमेरिकन लेखकानें 2001 सालच्या ‘गेटिंग थिंग्ज डन’ या पुस्तकांत सांगितलें आहे कीं, मनांत येईल तें प्रथम एके जागीं जमा करावें व त्याचा निर्णय मागाहून करावा. पुस्तक कचेरींतील मंडळींसाठीं लिहिलेलें. पण हा नियम रानांत अधिकच लागू पडतो. म्हणून यादींत ‘आवक’ असें एकच सदर ठेवावें, त्याची खूण पडद्याच्या पहिल्या पानावर आणावी, आणि रानांत ‘फूटवॉल्व्ह बदलणें’ एवढेंच टाकावें. गूगलनें 2017 पासून मराठींत बोलून लिहिण्याची सोय दिली आहे; तिनें टंकण्याचा त्रास वांचतो. मात्र जेथें रेंज नाहीं तेथें हिचा भरंवसा धरूं नये. दोन शब्द बोटानेंच लिहावे.

तारखेचा प्रश्न अधिक अवघड. कांहीं ॲपें वाक्यांतूनच तारीख ओळखतात. ‘उद्यां पांच वाजतां’ या अर्थाचें इंग्रजी वाक्य लिहिलें कीं काम उद्यांच्या खात्यांत जाऊन बसतें. आपली भाषा यंत्रास इतकी सरळ नाहीं. ‘परवां’ म्हणजे होऊन गेलेला कीं यावयाचा? ‘आठ दिवसांनीं’ म्हणतांना आपण सातच दिवस धरतों! शिवाय शेतीचें काम पंचांगाच्या तारखेस बांधलेलें नसतें. गव्हाचें पहिलें पाणी मुकुटमुळें फुटण्याच्या वेळीं, पेरणीपासून सुमारें 18 ते 21 दिवसांनीं द्यावयाचें. तें पेरणीच्या सायंकाळींच दिवस मोजून नोंदवावें. कोळपणीस मात्र वाफसा पाहिजे, आणि वाफशाला तारीख नाहीं. अशीं कामें तारखेशिवाय वेगळ्या यादींत ठेवून रोज सकाळीं वाचावीं. त्यांस खोटी तारीख दिली तर फोन रोज ओरडतो, आणि रोज ओरडणाऱ्या फोनाकडे कोणी लक्ष देत नाहीं.

खरी मुदत असलेलीं कामें निराळीं. ई-पीक पाहणी 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यांत सुरू झाली. पिकाचें छायाचित्र रानांतूनच घालावें लागतें व मुदत ठरलेली असते. पीककर्जाची फेड व विम्याचा हप्ता यांचेंहि तसेंच. वाघोली 2021 सालीं पुणें महानगरपालिकेंत गेली, त्यामुळें येथील खातेदाराच्या माथीं शहरचा करहि आला. यांना मुदतीपूर्वीं आठवडाभर घंटा लावावी. शेवटच्या दिवशीं पुष्कळदां सर्व्हरच दाद देत नाहीं.

उरलें ‘आवक’ निवडण्याचें काम. तें दिवेलागणीनंतर दहा मिनिटांचें आहे, आणि घरांत मुलगा किंवा सून यांत तरबेज असेल तर तिच्या हातीं खुशाल द्यावें.