एव्हरेस्टच्या पायथ्याशी जाण्यापूर्वी

गेल्या मे महिन्यात माझे एक जुने रुग्ण सपत्नीक दवाखान्यात आले. वय ६७, बारा वर्षांपासूनचा रक्तदाब गोळीने आटोक्यात. नेपाळमधील एव्हरेस्ट बेस कॅम्पची पदयात्रा करून ते नुकतेच परतले होते, पण चेहऱ्यावर समाधान नव्हते. "डॉक्टर, एका दिवसाच्या चालीवर राहिलं हो. हिनं वाटाड्याला सांगितलं नसतं, तर पोहोचलो असतो."

घडले होते ते असे. ४,९४० मीटर उंचीवरील लोबुचे येथील मुक्कामी सायंकाळपासून त्यांचे डोके दुखू लागले. जेवण नकोसे झाले. दुसऱ्या दिवशी बेस कॅम्प गाठायचा होता, म्हणून त्यांनी गुपचूप वेदनाशामक गोळी घेतली आणि 'दमलो आहे' एवढेच सांगून ते आडवे झाले. पहाटे उलटी झाली, तेव्हा वहिनींनी ही गोष्ट वाटाड्याच्या कानावर घातली. त्याने वर नेण्यास स्पष्ट नकार दिला आणि दोघांना खाली फेरिचे गावी आणले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोकेदुखी ओसरली आणि त्यांनी वरणभात मागून घेतला.

मी त्यांना म्हणालो, "तुमची यात्रा फसली नाही, ती नीट पार पडली." ते मी का म्हटले, हे आज सविस्तर सांगतो. पालकांना अशी यात्रा भेट देऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींनीही हे वाचावे.

उंचीवर नेमके काय होते?

हवेतील प्राणवायूचे प्रमाण सर्वत्र सारखेच, सुमारे २१ टक्के असते. वर जावे तसा हवेचा दाब मात्र कमी होतो. ५,३६४ मीटर उंचीवरील बेस कॅम्पवर हा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो, म्हणजे प्रत्येक श्वासागणिक प्राणवायूही निम्माच मिळतो. या बदलाशी शरीर जुळवून घेऊ शकते, पण त्यासाठी त्याला दिवस लागतात. ते न मिळाल्यास डोकेदुखी, मळमळ, भूक मंदावणे, चक्कर, विलक्षण थकवा अशी लक्षणे दिसतात. हाच पर्वतीय आजार.

वाढत्या वयामुळे हा आजार अधिक होतो, असे नाही. उलट उत्तम तब्येत असूनही तो टळतोच, असेही नाही. रोज सिंहगड चढणाऱ्याला तो होऊ शकतो. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे, तर ही पदयात्रा जेथून सुरू होते तो लुक्ल्याचा विमानतळच त्याहून सुमारे १,२०० मीटर उंचावर आहे. आपल्या डोंगरांवर पाय आणि दम तयार होतात, पण उंचीची सवय तेथे लागत नाही.

दिवसांचा हिशेब

म्हणून सहल संस्थेकडून कार्यक्रमपत्रिका आली की खोल्या आणि जेवण पाहण्याआधी प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाची उंची लिहून काढावी. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा अधिक वाढू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच गावी काढावी, हा जगभर मान्य असलेला नियम आहे. दिवसा वर फिरून रात्री खाली झोपण्यास हरकत नाही.

नेहमीची आखणी अशी असते: फाकदिंग २,६१० मीटर, नामचे बाजार ३,४४० मीटर, दोन रात्री, तेंगबोचे ३,८६०, दिंगबोचे ४,४१०, दोन रात्री, लोबुचे ४,९४०, आणि आठव्या दिवशी गोरक शेपमार्गे बेस कॅम्प. तरुणांनाही ही आखणी काही टप्प्यांवर घट्टच आहे. फाकदिंग ते नामचे ही चढण एका दिवसात ८३० मीटरची होते. साठीपुढील रुग्णांना मी फाकदिंग आणि नामचे यांच्यामध्ये मोंजो येथे (२,८३५ मीटर) एक मुक्काम, नामचेला तिसरी रात्र आणि दिंगबोचे ते लोबुचे या टप्प्यात थुकला येथे (४,६२० मीटर) आणखी एक मुक्काम मागून घ्यायला सांगतो. याखेरीज परतीसाठी दोन दिवस हाताशी ठेवावेत, कारण खराब हवामानामुळे लुक्ल्याची विमाने वारंवार रद्द होतात. परतीचे तिकीट डोक्यावर टांगलेले असले की माणूस दुखणे लपवतो. मिळतील तेवढे पैसे चांगल्या खोलीऐवजी जादा दिवसांवर खर्च करावेत.

निघण्याआधी दवाखान्यात

तयारी तीन-चार महिने आधी सुरू करावी. हिमोग्लोबिन, साखर, क्रिएटिनिन, ईसीजी आणि गरजेनुसार इको व स्ट्रेस टेस्ट करून घ्यावी. अलीकडेच हृदयविकाराचा झटका आलेला असेल, छातीत वेदना येत असतील, रक्तदाब आटोक्यात नसेल, फुप्फुसांचा जुना आजार बळावलेला असेल, तर हा बेत रद्द करावा किंवा निदान पुढे ढकलावा. हृदयरोगतज्ज्ञांच्या संमतीविना निघू नये.

उंचीवर रक्तदाब थोडा वाढू शकतो, पण गोळ्यांचा डोस स्वतःच्या मनाने बदलू नये. मधुमेहींनी विशेष जपावे. भूक मंदावलेली असताना नेहमीची गोळी किंवा इन्सुलिन घेतल्यास साखर एकाएकी खाली जाते. इन्सुलिन गोठले की निकामी होते. म्हणून ते आणि ग्लुकोमीटर दिवसा कपड्यांच्या आत, रात्री पांघरुणात ठेवावे.

अ‍ॅसिटाझोलामाइड ही प्रतिबंधक गोळी उपयुक्त आहे. साधारणतः १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण सुरू होण्याच्या आदल्या दिवसापासून दिली जाते. मात्र तिने लघवी वाढते, बोटांना मुंग्या येतात. सल्फाची अ‍ॅलर्जी किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी ती परस्पर घेऊ नये. प्रोस्टेटचा त्रास असेल तर तेही आधी सांगावे. कडाक्याच्या थंडीत रात्री चार वेळा उठणे हा लहान प्रश्न नाही. झोपेच्या गोळ्या आणि मद्य तेथे पूर्णपणे वर्ज्य समजावेत.

गुडघ्यांची परीक्षा उतरताना होते. दोन्ही हातांत काठ्या घ्याव्यात आणि त्यांचा सराव इथल्या टेकडीवरच करावा. प्रवास विमा बारकाईने वाचावा. अनेक साध्या विम्यांत ठरावीक उंचीच्या वरची पदयात्रा वगळलेली असते. हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च बेस कॅम्पच्या उंचीपर्यंत मिळेल, हे लेखी घ्यावे.

उतरण्याचा निर्णय कोणाचा?

आता सर्वांत महत्त्वाचे. डोके दुखू लागले आणि जोडीला मळमळ किंवा थकवा असेल तर त्या दिवशी वर चढू नये. विश्रांतीने बरे वाटले नाही, किंवा त्रास वाढला, तर खाली उतरावे. बसल्या जागी धाप लागणे, सततचा खोकला, चालताना तोल जाणे, बोलण्यात असंबद्धता ही लक्षणे फुप्फुसात पाणी होण्याची किंवा मेंदूला सूज येण्याची असू शकतात. अशा वेळी सकाळची वाटही पाहू नये. प्राणवायू आणि औषधे मदत करतात, पण खरा उपचार खाली उतरणे हाच असतो. फेरिचे येथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना पदयात्रेच्या हंगामात चालू असतो. या संस्थेची स्थापना १९७३ सालची. वर जाताना वाट तेथून नसली तरी ठिकाण ठाऊक असावे.

गट मोठा असेल तर एक प्रश्न संस्थेला आधीच विचारावा: एकाला उतरावे लागले तर त्याच्यासोबत कोण उतरणार? आजारी माणसाला एकट्याने कधीही खाली पाठवू नये. सहा-आठ जणांमागे एकच वाटाड्या असेल, तर ती आखणी ज्येष्ठांसाठी नव्हे.

आणि एक करार घरातच करून निघावे. उतरायचे की नाही, हे आजारी माणूस ठरवणार नाही. ते वाटाड्या आणि सोबतचा जोडीदार ठरवतील. मेंदूला प्राणवायू कमी पडला की निर्णयशक्तीच मंदावते, त्यामुळे 'मला काही झालेले नाही' या शब्दांवर त्या उंचीवर विसंबता येत नाही. शिवाय आपल्याकडे वडीलधाऱ्यांनी दुखणे गिळण्याची जुनी रीत आहे. गटाला आपल्यामुळे थांबावे लागू नये, मुलांनी भरलेले पैसे वाया जाऊ नयेत, असे त्यांना वाटते. म्हणून मुलांनी निरोप देताना स्पष्ट सांगावे: "बाबा, मधूनच परत आलात तरी आम्हाला आनंदच आहे." फोन लागला की "कुठवर पोहोचलात?" याआधी "जेवलात का, झोप लागली का, डोकं दुखतंय का?" हे विचारावे.

निघण्यापूर्वी या दाम्पत्याने माझ्यासमोर हाच करार केला होता. त्यांना त्याची आठवण दिली, तेव्हा ते थोडे वरमले. वहिनी म्हणाल्या, "मी तो पाळला, एवढंच." मग त्यांनी फोनमधले तेंगबोचेचे छायाचित्र दाखवले. मठामागे आमा दब्लम शिखर आणि पुढे हे दोघे, नाके लाल झालेली.

रक्तदाब मोजला, १३२/८०. "पुढच्या वर्षी परत जाऊ का?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "जरूर जा, पण या वेळी तीन दिवस जास्त घेऊन. आणि वहिनींना विचारून."