भोगीचा धूर आणि आबांचा कम्प्युटर

सध्या मुक्काम चेन्नई.

परवा पहाटे पीटीला बाहेर पडलो तर सगळीकडे धूर. पोंगलच्या आदल्या दिवशी, भोगीला, इथे घरातलं जुनं सामान दारात जाळायची रीत आहे. आपल्या भोगीला बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी. इथे जुन्याची होळी. संध्याकाळी गावी फोन लावला तर आबांचा प्रश्न तयारच होता.

"अरे, तो कम्प्युटर रोज सांगतोय, विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणून. चालतंय तर सगळं. चालत्या गाडीला खीळ कशाला घालायची?"

आबा हवालदार म्हणून निवृत्त झाले. पेन्शनची स्लिप, बँक, नातवंडांचे फोटो, सगळं त्याच कम्प्युटरवर. असे आबा आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहेत, म्हणून उत्तर इथेच लिहितो.

माझं मत असं: नवी सिस्टीम आली त्या दिवशी घेऊ नये आणि जुनीचा सपोर्ट संपल्यावर थांबू नये. मधली तारीख आपण ठरवायची.

घाई का नको? ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० ची नवी आवृत्ती आली आणि काही लोकांच्या डॉक्युमेंट फोल्डरमधल्या फायलीच उडाल्या. मायक्रोसॉफ्टने ती थांबवली आणि नोव्हेंबरमध्ये दुरुस्त करून पुन्हा दिली. सहा आठवडे थांबलेल्यांचं काहीच बिघडलं नाही.

उशीर का नको? मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' आला. फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा हा व्हायरस दीडशेच्या आसपास देशांत पसरला. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलं होतं. ज्यांनी ते लावलं नव्हतं, ते सापडले. म्हणून फरक ध्यानात ठेवा: दर महिन्याचं सुरक्षेचं अपडेट म्हणजे रोजची गस्त, ती टाळायची नाही. पूर्ण सिस्टीम बदलणं म्हणजे युनिटची बदली. ती तयारीनेच करायची.

विंडोज १० ची गस्त १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. कम्प्युटर चालतो, पण नवं भोक सापडलं तर बुजवायला कोणी येणार नाही. घरच्या वापरासाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट ठेवली आहेत. सेटिंगमधल्या विंडोज अपडेटमध्ये जाऊन नाव नोंदवावं लागतं. आबांना म्हटलं, "हे आजच करा." फोनवर बसूनच करून घेतलं.

पुढचा प्रश्न मशीनचा. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. आबांचा त्यात बसत नाही. मग भोगीत जाळायचा का? नाही. २०१४ मध्ये विंडोज एक्सपीचा सपोर्ट संपताना तामिळनाडू सरकारने आपल्या खात्यांना 'बॉस' लिनक्सकडे वळायला सांगितलं होतं. ही सिस्टीम सी-डॅकने इथे चेन्नईतच विकसित केली. जुन्या मशीनवर लिनक्स चांगलं चालतं. मात्र प्रिंटर आणि हयातीच्या दाखल्याचं बोटांचे ठसे घेणारं यंत्र त्यावर चालतं का, ते आधी तपासावं. नाही चाललं तर नवं मशीन घेण्याला पर्याय नाही.

आता माझी चूक सांगतो. एकदा सुट्टीच्या शेवटच्या रात्री मी आबांच्या कम्प्युटरवर अपग्रेड लावलं. पहाटेची गाडी होती, तसाच निघालो. प्रिंटर बंद पडला आणि आबा दोन महिने एकेका प्रिंटसाठी एसटीने तालुक्याला जात राहिले. मला बोलले काही नाहीत. ते मला आईकडून कळलं. चूक कम्प्युटरची नव्हती, वेळेची होती.

तेव्हापासूनचा माझा नियम: अपग्रेड सुट्टीच्या सुरुवातीला, शेवटी कधीच नाही. हयातीचा दाखला द्यायच्या महिन्यात नाही. लाइटचा भरवसा नसलेल्या पावसाळी दिवसांत नाही. आणि त्याआधी फोटो, कागदपत्रं वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यायची, चार फायली उघडून बघायच्या, मगच हात लावायचा. चार्ज घेताना सामान मोजल्याशिवाय सही करतो का आपण?

आबांचा दिवस ठरलाय. गणपतीच्या सुट्टीत, घरी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी. ऑक्टोबरच्या मुदतीला तेव्हा थोडे आठवडे शिल्लक असतील, आणि काही बिघडलं तर निस्तरायला मी घरी असेन.

तुमच्या घरची तारीख कोणी ठरवली आहे? नसेल, तर आज फोन लावा.

जय हिंद.